वाचकांचे प्रश्न : गरोदरपणी कोर्टाचे बोलावणे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच काळजीतून लिहिलेली आहेत. घरातील मुलगी किंवा सून गरोदर आहे आणि नेमक्या त्याच वेळी कोर्टाचे किंवा पोलिसांचे बोलावणे आले आहे. म्हणून इतर प्रश्न पुढील अंकासाठी राखून या वेळी या तीन पत्रांनाच उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी लग्नानंतर अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात राहते. तिला आठवा महिना लागला असून बाळंतपणासाठी मी लवकरच तिच्याकडे जाणार आहे. गेल्या आठवड्यात तेथील कोर्टाचा एक छापील कागद तिच्या नावाने टपालाने आला. त्यावर ‘ज्यूरी समन्स’ असे लिहिले आहे आणि पुढच्या महिन्यातील तारीख दिली आहे. जावई म्हणतात, असे कागद सगळ्यांनाच येतात, बाजूला ठेव. आमच्या शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणतात, कोर्टाचा अवमान झाला तर त्यांना देश सोडावा लागेल. मुलीने कोणताही गुन्हा केलेला नाही, मग कोर्ट तिला का बोलावते? अशा दिवसांत तिला जावेच लागेल का?
— एक आई, गुहागर

उत्तर : प्रथम मनातील भीती दूर करावी. हे समन्स आरोपीला येणारे नव्हे आणि साक्षीदारालाही येणारे नव्हे. अमेरिकेत गुन्ह्याच्या खटल्यात आरोप शाबीत झाला की नाही, हे पुष्कळदा न्यायाधीश ठरवत नाहीत, तर सामान्य नागरिकांमधून निवडलेली मंडळी ठरवतात. त्या मंडळाला ज्यूरी म्हणतात, आणि कॅलिफोर्नियात गंभीर गुन्ह्याच्या खटल्यासाठी त्यात बारा जण असतात. मतदारांच्या यादीतून आणि वाहन परवानाधारकांच्या यादीतून नावे काढून अशी पत्रे पाठवली जातात. आपल्या मुलीने तेथे गाडी चालवण्याचा परवाना काढला असेल, तर तिचे नाव यादीत येण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

आपल्याला हा प्रकार परका वाटतो, याचेही कारण आहे. आपल्याकडे ‘पंच’ म्हटले की पंचनाम्यावर सही करणारे गावातील दोघे जण डोळ्यांसमोर येतात. त्यांचा ज्यूरीशी संबंध नाही. एकेकाळी मुंबईच्या सत्र न्यायालयात मात्र ज्यूरी बसत असे. १९५९ साली नौदल अधिकारी नानावटी यांच्यावर चाललेल्या खुनाच्या खटल्यात नऊपैकी आठ ज्यूररनी आरोपीला निर्दोष ठरवले. तो कौल न पटल्याने सत्र न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, उच्च न्यायालयाने आरोपीला दोषी धरले आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. पारशी समाजाच्या विवाहविषयक खटल्यांत १९३६ च्या कायद्यानुसार समाजाचे प्रतिनिधी न्यायाधीशांसोबत बसतात, तेवढीच तिची खूण आपल्याकडे राहिली आहे. त्यामुळे शेजारच्या गुरुजींना या कागदाचा अर्थ नीट लागला नाही, यात त्यांचा दोष नाही.

आता मुख्य मुद्दा. आपली मुलगी अमेरिकेची नागरिक झाली आहे की नाही, हे पत्रात लिहिलेले नाही, आणि सर्व काही त्यावर अवलंबून आहे. ज्यूरीत बसण्याचा अधिकार आणि कर्तव्य तेथील नागरिकांनाच आहे. ती नोकरीच्या किंवा जोडीदाराच्या व्हिसावर असेल, अथवा तिच्याकडे ग्रीन कार्ड असले तरी नागरिकत्व घेतलेले नसेल, तर ती ज्यूरीसाठी पात्रच नाही, आणि गरोदरपणाचे कारण देण्याची वेळच येणार नाही. परंतु पात्र नाही म्हणून कागद बाजूला ठेवून चालणार नाही. समन्ससोबत पात्रतेची प्रश्नावली असते. त्यात ‘मी नागरिक नाही’ या उत्तरावर खूण करून ती मुदतीच्या आत टपालाने किंवा कोर्टाच्या संकेतस्थळावरून परत पाठवावी. ही खूण करताना घाई करू नये, हे मी मुद्दाम सांगते. नागरिक नसलेल्या व्यक्तीने कोठेही आपण नागरिक असल्याचे लिहून दिले, तर पुढे ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व मिळवताना त्याचे फार गंभीर परिणाम होतात. गुरुजींची भीती खरी ठरण्याचा संभव कोर्टात न जाण्यापेक्षा या चुकीच्या खुणेत अधिक आहे. भरलेल्या प्रश्नावलीची प्रत मुलीने स्वतःजवळ ठेवावी.

ती नागरिक झालेली असेल, तर मात्र समन्स तिच्यावर बंधनकारक आहे, आणि जावयांचा सल्ला तिने मुळीच मानू नये. उत्तरच न देणाऱ्याला कॅलिफोर्नियात दंड होऊ शकतो. त्याउलट, वेळेवर उत्तर देणाऱ्या गरोदर स्त्रीला तारीख पुढे ढकलून घेणे सहसा अवघड जात नाही. केवळ गरोदर आहे म्हणून आपोआप सूट मिळते, असे नव्हे. प्रकृतीला धोका किंवा असह्य अडचण होत असल्याचे कारण देऊन ती सूट मागावी लागते. समन्सवरच तारीख बदलून मागण्याची सोय छापलेली असते आणि बहुतेक जिल्ह्यांत ते संकेतस्थळावरूनही करता येते. येथे माझे स्पष्ट मत सांगते. आपण होऊन मिळणारी दोन-तीन महिन्यांची मुदतवाढ घेऊन थांबू नये, कारण ती मुदत संपेल तेव्हा बाळ दोन महिन्यांचेही नसेल. त्यापेक्षा डॉक्टरांचे पत्र जोडून आरंभीच लांबची तारीख मागावी. त्या पत्रात कितवा आठवडा चालू आहे, प्रसूतीची अपेक्षित तारीख कोणती, आणि तासन्‌तास एका जागी बसणे किंवा प्रवास करणे का योग्य नाही, एवढे दोन-चार ओळींत यावे. रक्तदाब, साखर इत्यादींचे सगळे तपशील कोर्टाला देण्याची आवश्यकता नाही.

बाळंतपणानंतरची सोयही लक्षात ठेवावी. अंगावर पाजणाऱ्या आईला कॅलिफोर्नियाच्या न्यायालयीन नियमांप्रमाणे एक वर्षापर्यंत ज्यूरीची तारीख पुढे ढकलून मागता येते, त्यासाठी तिला कोर्टात समक्ष जावे लागत नाही, आणि पाजणे चालू असेल तर लेखी विनंतीवरून ही मुदत वाढवून मिळते. इतर राज्यांत नियम निराळे आहेत. टेक्सासमध्ये बारा वर्षांखालील मूल सांभाळणाऱ्या पालकाला, ज्यूरीला गेल्याने मुलाकडे पाहणारे कोणी उरत नसेल तर, सूट मागता येते. म्हणून मैत्रिणीला तिच्या राज्यात काय सांगितले गेले यावर न जाता समन्सवर छापलेल्या कोर्टाच्या सूचना वाचाव्यात. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट सांगून ठेवते. तेथे मतदार यादीत नाव असलेल्या भारतीय नागरिकालाही ज्यूरीचे बोलावणे येऊ शकते, कारण राष्ट्रकुलातील नागरिकांना तेथे मतदानाचा हक्क आहे. गरोदर स्त्रीला तेथे एकदा, बारा महिन्यांच्या आत, तारीख पुढे नेण्याची विनंती करता येते.

आणखी एक लिहावेसे वाटते. मुलीला स्वतःला जावेसे वाटत असेल, प्रकृती उत्तम असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर तिला अडवू नये. कॅलिफोर्नियात ज्याची त्या दिवशी कोणत्याही खटल्यासाठी निवड होत नाही, त्याचे काम साधारणपणे एका दिवसात संपते, आणि पुष्कळ ठिकाणी आदल्या संध्याकाळी आपल्या गटाचा क्रमांक संकेतस्थळावर पाहिला की दुसऱ्या दिवशी जावे लागणार की नाही, हे घरबसल्या कळते. मात्र आठव्या महिन्यात मोठ्या खटल्यासाठी निवड झाली तर आठवडे जाऊ शकतात. न्यायाधीश निवडीपूर्वी प्रत्येकाला अडचण विचारतात, तेव्हा तिने प्रसूतीची तारीख संकोच न करता सांगावी.

प्रश्न : मी सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी वेंगुर्ल्याला आले आहे. माझे सासर खेड तालुक्यात आहे. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी मुंबई-गोवा महामार्गावर आमच्या एसटीसमोर एका दुचाकीस्वाराला ट्रकने उडवले. मी पुढच्या आसनावर होते, म्हणून पोलिसांनी माझा जबाब घेतला होता. आता खेडच्या कोर्टातून साक्षीचे समन्स आले आहे. ते सासूबाईंनी घेतले आणि मला फोन करून सांगितले. तारीख तीन आठवड्यांनंतरची आहे. पावसात एवढा प्रवास मला झेपणार नाही. घरचे म्हणतात, समन्स तुझ्या हातात दिलेले नाही, म्हणून गप्प बस. काय करावे?
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : समन्स आपल्या हातात दिले नाही, या मुद्द्यावर विसंबू नये. व्यक्ती घरी भेटली नाही तर घरातील माणसाकडे समन्सची प्रत देता येते. १९७३ च्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत त्यासाठी ‘घरातील प्रौढ पुरुष’ असे शब्द होते. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ‘पुरुष’ हा शब्द गेला आहे, त्यामुळे सासूबाईंनी घेतलेले समन्सही बजावलेले धरले जाते. घरातील बाईला कागद समजत नाही, असे मानणारी तरतूद जाण्यास इतकी वर्षे लागली, याचे मला आजही वाईट वाटते. आपला खटला जुन्या संहितेखाली चालू असेल तर तांत्रिक वाद घालता येईल, पण घालू नये. समन्सच्या दुसऱ्या प्रतीच्या पाठीमागे सासूबाईंची सही असेल, आपल्याला तारीख माहीत आहे, आणि वाद घालून आपला प्रवास काही टळणार नाही.

गप्प बसण्यातला धोका असा आहे. साक्षीदार कारण न कळवता गैरहजर राहिला की कोर्ट सहसा प्रथम जामीनपात्र वॉरंट काढते. कोर्टाचे समन्स जाणूनबुजून न पाळल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २०८ खाली सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्यासारख्या प्रकरणात कोणी कैदेपर्यंत जाणार नाही. परंतु नवव्या महिन्यात वॉरंट घेऊन हवालदार दारात उभा राहिला, तर घरातील सर्वांच्या जिवाला जो घोर लागेल, तो एका अर्जाने टळतो.

वेंगुर्ल्याहून खेड अडीचशे किलोमीटरांपेक्षा अधिक आहे. कुडाळपर्यंत गाडीने आणि पुढे रेल्वेने जायचे म्हटले, तरी पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या सावकाश धावतात, आणि कोर्टात पट्टेवाल्याचा पुकारा सकाळी अकराला होईल की दुपारी चारला, हे कोणीच सांगू शकत नाही. साक्षीदारांसाठीच्या लाकडी बाकावर पाय सुजलेल्या बायका दिवसभर बसलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांतील एकीने माझ्याकडे पाण्याची बाटली मागितली आणि मग हळूच विचारले, ‘ताई, मी बसले नसते तर चाललं असतं का?’ तिच्या पर्समध्ये डॉक्टरांचे प्रमाणपत्र होते. ते कोणाकडे द्यायचे, हे तिला कोणीच सांगितले नव्हते. पुढे जे लिहीत आहे ते तिची आठवण ठेवून लिहीत आहे.

समन्सवर खटल्याचा क्रमांक, कोर्टाचे नाव आणि आरोपीचे नाव असते. सासूबाईंकडून दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो मागवून घ्यावा. त्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रातील किंवा ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र घ्यावे. ‘विश्रांतीचा सल्ला दिला आहे’ एवढेच लिहिलेले प्रमाणपत्र कोर्टाच्या फारसे उपयोगी पडत नाही. कितवा आठवडा, प्रसूतीची अपेक्षित तारीख, लांबचा प्रवास का टाळावा आणि किती दिवस टाळावा, हे त्यात असावे. माता व बाल संरक्षण कार्डाची छायाप्रत सोबत जोडल्यास तारखेबद्दल शंका राहत नाही. मग कोर्टाच्या नावाने साधा मराठी अर्ज लिहावा. वकील लावण्याची आवश्यकता नाही, कारण आपण सरकार पक्षाच्या साक्षीदार आहात आणि आपला अर्ज सरकारी वकिलांमार्फत कोर्टापुढे ठेवता येतो. अर्ज त्यांच्या कार्यालयात पोहोचवण्याचे काम आपले यजमान किंवा सासरे करू शकतील. संबंधित पोलीस ठाण्याच्या पैरवी अंमलदारालाही, म्हणजे कोर्टातील खटल्यांचा पाठपुरावा करणाऱ्या पोलिसालाही, एक प्रत द्यावी, कारण साक्षीदार का आला नाही, हे कोर्टात सांगण्याची वेळ बहुधा त्यांच्यावरच येते. दुसरी प्रत स्पीड पोस्टाने थेट कोर्टाकडे पाठवून पावती जपून ठेवावी. हे सर्व तारखेच्या आदल्या दिवशी न करता याच आठवड्यात करावे.

अर्जात काय मागावे, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक जण ‘पुढची तारीख द्यावी’ एवढेच मागतात. ते मिळेलही, परंतु तीन-चार महिन्यांनी तान्हे बाळ घेऊन तोच प्रवास आणि तेच बाक वाट्याला येईल. म्हणून माझा आग्रह असा की, वेंगुर्ल्याच्या न्यायालयातून व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे साक्ष घ्यावी, अशी विनंती प्रथम करावी. महाराष्ट्र सरकार विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या मुंबईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ सालीच फौजदारी खटल्यात अशी साक्ष ग्राह्य धरली. तेथे साक्षीदार अमेरिकेतील एक डॉक्टर होते. अमेरिकेहून जे शक्य झाले ते वेंगुर्ल्याहून अशक्य असण्याचे कारण नाही, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० ने तर संपूर्ण कामकाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवण्यास वाव दिला आहे. अखेर परवानगी देणे न देणे न्यायाधीशांच्या हाती असते, म्हणून त्याच अर्जात दुसरा पर्यायही लिहावा. साक्षीदाराला आणणे अवाजवी त्रासाचे किंवा खर्चाचे असेल, तर त्याच्या जवळच्या न्यायालयाकडे कमिशन, म्हणजे साक्ष नोंदवून घेण्याचा आदेश, पाठवून साक्ष नोंदवता येते. जुन्या संहितेत हे कलम २८४ होते, नव्या संहितेत ते ३१९ आहे. हे दोन्ही शक्य नसल्यास प्रसूतीनंतरची अमुक महिन्यातील तारीख द्यावी, अशी तिसरी विनंती शेवटी असावी.

अर्ज दिला म्हणजे तो मंजूर झाला असे धरून बसू नये. ई-कोर्ट्सच्या ॲपवर खटल्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते. तो क्रमांक समन्सवर नसेल तर सरकारी वकिलांच्या कार्यालयातून मिळेल. ठरलेल्या दिवशी सासरच्या कोणी तरी कोर्टात हजर राहून पुकाऱ्याच्या वेळी अर्जाची आठवण करून दिली, तर फार बरे. आपण पुढे प्रत्यक्ष साक्षीला गेलात, तर फौजदारी खटल्यातील साक्षीदाराला वाजवी खर्च देण्याची तरतूद आहे, तेव्हा तिकिटे जपून ठेवावीत आणि भत्त्याचा अर्ज त्याच दिवशी द्यावा.

जाता जाता, हाच दावा दिवाणी असता तर नियम निराळा होता. दिवाणी प्रक्रिया संहितेत लांबच्या साक्षीदाराला समक्ष बोलावण्यास अंतराची मर्यादा आहे. एरवी ती शंभर किलोमीटरची आहे, आणि बहुतांश वाटेवर रेल्वे, आगबोट किंवा दुसरे नियमित सार्वजनिक वाहन असेल तर पाचशे किलोमीटरची. वेंगुर्ला, मालवण, देवगड या बंदरांना लागणाऱ्या आगबोटी केव्हाच बंद झाल्या, पण कायद्यातला तो शब्द अजून तसाच आहे. ही मर्यादा फौजदारी खटल्याला लागू नाही, म्हणून अर्जात तिचा आधार घेऊ नये.

एक विनंती मात्र करते. शक्य असेल तर साक्ष लवकर द्यावी. तो दुचाकीस्वार वाचला की नाही, हे आपण लिहिलेले नाही, पण त्याच्या घरचे लोक त्या ट्रकच्या खटल्याची तारीख दर वेळी मोजत असतील. पुढच्या आसनावरून आपण जे पाहिले ते दुसऱ्या कोणी पाहिले नसण्याचाही संभव आहे.

प्रश्न : आमच्या गावच्या मासळी बाजारात भांडण झाले. माझी वहिनी पाच महिन्यांची गरोदर आहे आणि तिने ते पाहिले. पोलीस ठाण्यातून फोन आला की जबाबासाठी उद्या ठाण्यात यावे. ठाणे अठरा किलोमीटरवर आहे. जावे का?
— एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : जाण्याची सक्ती नाही. पोलिसांना तपासासाठी साक्षीदाराला लेखी आदेशाने बोलावता येते, परंतु स्त्रीला, मग ती गरोदर असो वा नसो, ती राहते त्या ठिकाणाखेरीज इतरत्र येण्यास भाग पाडता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७९ तसे स्पष्ट सांगते, आणि जुन्या संहितेच्या कलम १६० मध्येही हेच होते. वहिनींनी किंवा आपण ठाण्यात फोन करून नम्रपणे कळवावे की, जबाब देण्यास आम्ही तयार आहोत, परंतु त्या गरोदर असल्याने कृपया घरी येऊन घ्यावा. फोन कोणी घेतला, त्याचे नाव आणि वेळ वहीत टिपून ठेवावी. स्वतःच्या इच्छेने ठाण्यात जायचे असेल तर जाता येते, त्यास हरकत नाही. जबाब लिहून झाल्यावर तो वाचून दाखवण्यास सांगावे. तपासात पोलिसांपुढे दिलेल्या अशा जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, म्हणून सहीसाठी कागद पुढे आला, तर तो कशाचा आहे हे आधी विचारावे.